निळ्या नाईलचा घाट

इथिओपियातलं घड्याळ मोठं गमतीचं. मोजणी सुरू होते ती सकाळपासून! आपले सात म्हणजे त्यांचा एक. तेव्हा 2019 च्या फेब्रुवारीत देजेन गावातून आम्ही निघालो ते 'एक' वाजता. कैरो ते केपटाऊन सायकलने जाणारी आमची टोळी.

समोर निळ्या नाईलची दरी. सुमारे 20 किलोमीटर उतार, मग तेवढाच चढ! उतारावर पेडल मारावं लागत नाही, पण ब्रेक दाबून दाबून बोटं आखडतात. त्यातून जमीन सरकून डांबराला चक्क घड्या पडलेल्या.

तळाशी जपानच्या मदतीने बांधलेला, 2008 साली खुला झालेला पूल. खालचं पाणी ताना सरोवरातून येऊन पार कैरोकडे निघालेलं. म्हणजे आम्ही आलो तिकडेच!

आता चढ. उंची सुमारे 1400 मीटर, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड दोनदा, तोही रणरणत्या उन्हात. मागून ट्रक येतो आणि दमलेल्यांना उचलतो. मला काही त्यात बसायचं नव्हतं. पण अर्ध्यावर पायांत गोळे आले.

तेवढ्यात "यू! यू!" ओरडत एक गुराखी पोरगा धावत आला. आदल्याच दिवशी एका वात्रट पोराने दगड भिरकावला होता, त्यामुळे मी दचकलोच. पण पठ्ठ्याने सीटला हात लावला आणि लागला की ढकलायला! चांगली दोन वळणं. मग माझ्या बाटलीतलं पाणी दोघांनी अर्धं-अर्धं प्यायलं. भाषा कुणाला येत होती?

गोहा त्सियोनला पोचलो, तेव्हा ट्रक अजून खालीच होता. जेवायला इंजेरा, म्हणजे टेफच्या पिठाची परातीएवढी आंबोळी. मी दोन खाल्ल्या.