सोनीचें देणें आणि आमची अट

दान देतांना 'न मम' म्हणावें, म्हणजे दिलेल्या वस्तूवरचें आपलें स्वामित्व तेथेंच संपलें, असा आपल्याकडील संकेत आहे. गाय दिली तर तिच्या वासरांवर डोळा ठेवूं नये, असें वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. हें सर्व आम्हांस मान्य आहे. तरीहि गेल्या वर्षीं आमच्या घरची कुत्री आम्हीं जळगांवाहून धुळ्यास दिली, ती अट घालूनच दिली. अट एकच होती: तिच्यापासून पिल्लें घेऊं नयेत. या अटीवरून आप्तेष्टांत जी चर्चा झाली ती इतर कुटुंबांसहि उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून ती येथें मांडीत आहों.

सोनी लॅब्राडॉर जातीची. या जातीचें मूळ न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावरचें. विलायतेंतील केनेल क्लबानें १९०३ सालीं तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. असला जीव आमच्या खानदेशी वैशाखांत सांभाळावयाचा म्हणजे घरांतील सर्वांनींच हातभार लावावा लागतो. पहाटे ऊन्ह चढण्यापूर्वीं फिरवणें, दुपारीं माजघरांत ओलें गोणपाट अंथरणें, पाण्याचें भांडें वारंवार भरणें, हीं कामें मुलांनीं वांटून घेतलीं होतीं. पुण्याहून आणली तेव्हां ती आठ आठवड्यांची होती. तिच्याबरोबर केनेल क्लब ऑफ इंडिया या १८९६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेचा दाखला होता व त्यावर तिच्या आजाआजीपर्यंतचीं नांवें होतीं. तो पाहून आमचे वडील म्हणाले, "आपल्या कुलवृत्तांतांतसुद्धां इतका नेटकेपणा नाहीं!"

सोनी दोन वर्षांची झाली तेव्हां तिच्या चालींत फरक दिसूं लागला. बसलेली उठतांना ती क्षणभर थांबे, आणि धांवतांना सशाप्रमाणें मागचे दोन्ही पाय एकदम टाकी. जनावरांच्या डॉक्टरांनीं क्ष-किरणांचा फोटो काढला. खुब्याच्या वाटींत मांडीच्या हाडाचा गोळा घट्ट बसावयास हवा, तो सैल होता. यास हिप डिस्प्लेशिया म्हणतात. जन्मतः सांधा ठीक दिसतो. वाढीबरोबर तो ढिला पडतो. कल मुख्यतः वंशांतून येतो, आणि फाजील वजन व गुळगुळीत फरशी यांनीं तो बळावतो. आईबाप वरकरणी धडधाकट असूनहि हा दोष पुढें उतरूं शकतो. डॉक्टरांनीं तीन गोष्टी सांगितल्या: वजन वाढूं देऊं नका, जिने चढवूं नका, आणि हिच्यापासून पिल्लें घेऊं नका.

पहिल्या दोन सूचना आम्हीं कसोशीनें पाळल्या. पण पुढें आमचा जुना वाडा पाडून नवी इमारत बांधण्याचें ठरलें आणि आम्हां सर्वांस तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड करावें लागलें. तेथें उद्वाहक नाहीं. अठ्ठावीस किलोंचें जनावर दिवसांतून चार वेळां उचलून खालीं न्यावयाचें व वर आणावयाचें, हें घरांतील तरुण मंडळींस महिनाभर जमलें. पुढें तिला खालीं नेण्याचा प्रत्येक प्रसंग तिलाच दुःखदायक होऊं लागला. तिला तळमजला व अंगण असलेलें घर पाहिजे, हें उघड होतें.

घर शोधतांच पहिलें गिऱ्हाईक आलें तें पैशाचें. एका गृहस्थास 'कागद असलेली मादी' हवी होती, आणि आम्हीं दिली होती त्याहून अधिक किंमत देण्यास ते तयार होते. खुब्याचा दोष सांगितल्यावर ते हंसले. "अहो, तो पिल्लांत कुठें दिसतो?" हें त्यांचें म्हणणें अगदीं खरें होतें, आणि आमचा निश्चय झाला तो त्यामुळेंच. आठ आठवड्यांचें पिल्लूं टुणटुण उड्या मारीत दुसऱ्याच्या घरीं जातें. वर्षा-दोन वर्षांनीं, त्या घरचीं मुलें त्याच्या गळ्यांत हात टाकून झोपूं लागल्यावर, तें लंगडूं लागतें. विकणाराच्या हातीं पैसा येतो आणि दुःख घेणाराच्या वांट्यास जातें.

घरांतून विरोध झाला तो निराळ्या कारणानें. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "अरे, मुक्या जीवाला एकदां तरी आई होऊं द्या. तळतळाट लागेल." ही भावना पुष्कळ घरांत आढळते आणि ती मायेपोटीं येते, म्हणून तिची हेटाळणी करूं नये. परंतु प्रकृतीसाठीं कुत्रीचें एक वेत व्हावें लागतें, या समजास वैद्यकाचा आधार नाहीं. शिवाय ज्या बैलांस आपण पोळ्याच्या दिवशीं ओंवाळतों ते खच्ची केलेलेच असतात; वळू म्हणून कोणता गोऱ्हा ठेवावा हें आमचा खानदेशी शेतकरी फार पारखून ठरवितो. त्यास आपण निर्दय म्हणत नाहीं. आत्याबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्याच म्हणाल्या, "खरें आहे बाबा. आठ पिल्लें झालीं तर आठ घरें आणशील कोठून? इथें एकीला मिळेना."

मग प्रश्न आला, अट पाळली जाईल कशी? विलायतेंत पैदास करणारास केनेल क्लबाच्या दफ्तरीं असा शेरा मारून घेतां येतो कीं, या कुत्र्याच्या संततीची नोंद होऊं नये. अमेरिकेंतहि 'मर्यादित नोंदणी' म्हणून अशीच सोय आहे. पण विचार करितां असें दिसलें कीं, अशा शेऱ्यानें नोंदणी थांबते, जन्म थांबत नाहीं. आपल्याकडे कितीतरी पिल्लें कागदावांचूनच विकलीं जातात. तेथें त्या शेऱ्याची मातब्बरी कोणास? २०१७ सालीं केंद्र सरकारनें कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीं नियम केले. त्यांअन्वयें विक्रीसाठीं पैदास करणारानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकतां कामा नये. नियम चांगले आहेत; पण एखाद्या गल्लींतील एका परसांत झालेलें एक वेत कोण मोजणार?

धाकट्या वहिनींचे मामा धुळ्यास राहतात. निवृत्त शिक्षक, पांझरेपासून जवळ बैठें घर, मागें मातीचें अंगण, आणि घरांत पतिपत्नी दोघेंच. सोनीस नेण्यास ते आनंदानें तयार झाले. अट ऐकतांच मात्र त्यांचा चेहरा उतरला. "मुलगी देतांनासुद्धां कोणी व्याही असें लिहून मागत नाहीं. आमच्यावर विश्वास नाहीं काय?"

आम्ही म्हणालों, "मामा, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण उद्यां कांहीं कारणानें ती तिसऱ्याच्या हातीं गेली, तर त्यास आम्ही ओळखत नाहीं."

मामा बराच वेळ बोलले नाहींत. नंतर म्हणाले, "मग माझें वचन घेऊन काय कराल? मी सत्तरीचा. वचन माझ्याबरोबर जाईल. डॉक्टरांकडून शस्त्रक्रिया करवूनच तिला पाठवा, म्हणजे प्रश्न मिटला."

त्यांच्या या बोलण्यानें सर्वांचाच भार हलका झाला. शस्त्रक्रियेनें उतारवयांत गर्भाशयांत पू होण्याचा धोकाहि टळतो, असें डॉक्टरांनीं समजावलें. मात्र पुढें वजन लवकर वाढतें, आणि सोनीच्या खुब्यांस तें परवडणारें नव्हतें, म्हणून मापून घालावयाच्या अन्नाचें कोष्टक त्यांनीं लिहून दिलें. मामांनीं निम्मा खर्च देऊं केला, तो आम्हीं घेतला नाहीं. तें तिचें आंदण समजलों. टांके सुकल्यावर एका पहाटे एरंडोल-पारोळ्यावरून मोटारीनें तिला धुळ्यास पोंचविलें. सोबत दाखला, मालकाचें नांव बदलण्याचा सहीचा अर्ज, क्ष-किरणांचा फोटो, मायक्रोचिपचा क्रमांक आणि एक चिठ्ठी दिली: सांभाळणें अशक्य झाल्यास कोणासहि न देतां प्रथम आम्हांस कळवावें. आमची धाकटी पुतणी दोन दिवस कोणाशीं बोलली नाहीं.

तीन महिन्यांनीं आम्ही धुळ्यास गेलों. सोनी धांवत आली, हातपाय चाटले, आणि मग जाऊन मामांच्या आरामखुर्चीपाशीं बसली. मनास किंचित् लागलें. पण तिचें तेथें बसणें हेंच आम्हांस हवें होतें. पुतणीनें मात्र तिला निघेपर्यंत सोडलें नाहीं.

अशी वेळ ज्या कुटुंबांवर येईल त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, देणें द्यावें तें दोष लपवून देऊं नये, आणि किंमत, कागद, मालकी हें सर्व सोडतांना जबाबदारी तेवढी सोडूं नये. आणि जे नवें पिल्लूं आणणार असतील त्यांनीं वंशावळीवरील भारदस्त नांवें वाचण्यापूर्वीं त्याच्या आईबापांच्या खुब्यांचे फोटो पाहावयास मागावेत. ते दाखविण्यास जो कचरेल, त्याच्या दारांतून मुलांचा हात धरून परत फिरावें.