चार ओळींचा अर्ज

दादाची बंदूक मी घालवली. पोलिसांनी ती जमा करून घेतली, परवाना थांबला, हे सगळं नंतरचं. आधी मी एका कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, पण विषय कोणी काढत नाही. म्हणून मीच काढतो.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आम्ही वसईचे वाडवळ, निर्मळच्या बाजूला आमची वाडी. आजोबांच्या वेळी तिथे केळी आणि पानवेली होत्या, आणि पिकाच्या राखणीसाठी घेतलेली एक दुनळी बाराबोअर. आजोबांमागून ती मोठ्या काकांकडे आली, काकांमागून दादाने स्वतःच्या नावावर परवाना करून घेतला. तिने कोणाला मारल्याचं मला आठवत नाही. केळी फस्त करणारी वटवाघळं उठवायला हवेत एखादा बार काढायचे, एवढंच. दसऱ्याला ती कोयत्या-विळ्यांशेजारी पाटावर यायची, झेंडूची माळ घालून. आदल्या रात्री दादा गजाला चिंधी गुंडाळून नळ्या साफ करायचा आणि दिव्याकडे धरून मला आरपार बघायला लावायचा. शेवटचं काडतूस कधी उडालं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मला मात्र बंदुकीचा तिटकारा, आणि त्याला कारण होतं. ९ ऑक्टोबर १९८९ ला बांधकाम व्यावसायिक सुरेश दुबे यांना नालासोपारा स्टेशनात गोळ्या घालून मारलं, तेव्हा मी रोज लोकलने चर्चगेटला जाणारा कारकून होतो. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे जमिनीचा विषय निघाला की माणसांचे आवाज खाली यायचे. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, यापेक्षा त्याच्यामागे उभं कोण, हे आधी विचारलं जायचं. माझं मत तेव्हापासून पक्कं झालं. बंदूक कोणाच्याच घरात नको. आणि कोणी बोट दाखवलंच तर चौकशी करत बसू नये, आधी काढून घ्यावी. तक्रार खरी निघाली तर एक जीव वाचला. खोटी निघाली तर चार महिने लोखंड पोलीस ठाण्यात पडून राहिलं, त्यात कोणाचं काय जातं? हे मी लग्नाच्या पंगतीत, डब्यात, कट्ट्यावर, सगळीकडे जोरात सांगत असे.

२००९ साली महानगरपालिका आली आणि वाड्यांचे भाव गुंठ्यावर बोलले जाऊ लागले. बावखलाकडची आमची सामाईक जागा मला विकायची होती, दादाला नाही. एका सकाळी बांधावर शब्दाला शब्द वाढला. तो म्हणाला, "माझ्या हद्दीत पाय टाकून बघ." त्याच्या हातात पाण्याची बादली होती. बंदूक घरात होती, कपाटात, कुलपात.

अर्ज लिहिताना सल्ला देणारा माणूस जमिनीचा दलाल होता. त्याने माझा मसुदा वाचला आणि म्हणाला, "त्यात बंदुकीचं घाला की साहेब. नुसत्या शिवीगाळीला कोण विचारतो?" मी घातलं. 'सदर इसमाकडे परवान्याची बंदूक असून ती दाखवून त्याने मला जिवे मारण्याची धमकी दिली.' लिहिताना हात थरथरला वगैरे काही नाही. उलट भाषा अगदी सरकारी जमली म्हणून बरं वाटलं.

एनसी झाली. एनसी म्हणजे अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासही करता येत नाही. पण तपास न झालेला तोच कागद दादाच्या परवान्याच्या फायलीला जाऊन चिकटला. त्यावर अहवाल आला, अहवालावर नोटीस. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाखाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, आणि सार्वजनिक शांतता व सुरक्षितता हे त्यातलं एक कारण. त्या दोन शब्दांत आमच्या बांधावरची बादलीसुद्धा मावली. दादाने बंदूक गोधडीत गुंडाळली, काडतुसं पिशवीत घेतली आणि कोणी न्यायला यायच्या आधी स्वतःच रिक्षा बोलावली. रिक्षात ती आडवी मावेना. तिरपी, छातीशी धरून बसला होता. मी खिडकीतून पाहत होतो आणि मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर बाकीच्याला अर्थ नाही.

पुढे तारखा पडत गेल्या. दादा सदऱ्याला इस्त्री करून जायचा, संध्याकाळी परत यायचा. त्याचा खुलासा, त्याच्या जागेचे कागद, गावातल्या चार जणांचे दाखले, सगळं त्याने जोडलं. मला मात्र एकदाही कोणी बोलावलं नाही. 'बंदूक तू स्वतः पाहिलीस का? कुठल्या हातात होती? किती वाजले होते?' एवढे तीन प्रश्न कोणी समोर बसवून विचारले असते, तर मी दुसऱ्यालाच अडखळलो असतो. मी पट्टीचा खोटं बोलणारा नव्हे. चार ओळी लिहिण्यापुरताच माझा खोटेपणा होता आणि तेवढा पुरला.

परवान्याची मुदत त्या वेळी तीन वर्षांची असायची. पाच वर्षांची झाली ती २०१९ च्या दुरुस्तीनंतर. प्रकरणाचा निकाल लागायच्या आत मुदतच संपली. मग मूळ आरोपाचं कोणाला काही पडलं नाही. नूतनीकरण नाही, म्हणून बंदूक नाही, इतका साधा मामला झाला.

जमिनीचा वाद शेवटी मोजणीने मिटला. हद्दीचे दगड बसले आणि दादाचंच म्हणणं बरोबर निघालं, तेही हातभर माझ्या बाजूला. मी त्याच्याकडे गेलो, म्हटलं, "दादा, बंदूक सोडवायची तर मी येतो बरोबर." तो म्हणाला, "लोखंड मरू दे रे. पण त्या कागदावर लिहिलंय की मी तुला बंदूक दाखवली. तू पाहिलीस?" मी खाली बघत राहिलो. काकी पलीकडे तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

माझं मत बदललं, पण बंदुकीबद्दल नव्हे. ती घरात नसावी असं मला आजही वाटतं. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, पोलिसांच्याच दालनात, आमदार गणपत गायकवाड यांनी गोळ्या झाडल्या; मागे वाद होता जमिनीचाच. सहा दिवसांनी, वसईहून चौथं स्टेशन असलेल्या दहिसरला, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख मारले गेले आणि मग कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने वाटलेले आहेत. माणूस मेल्यावर याद्या निघाल्या आणि परवाने थांबवणं सुरू झालं. या सगळ्यांबाबत कोणी आधी बोट दाखवलं असतं आणि कोणी ऐकलं असतं, तर मी त्याला दोष दिला नसता. घरात नवऱ्याच्या पिस्तुलाखाली झोपणाऱ्या बाईने अर्ज केला तर तिला पुरावे मागत बसू नये, त्याच दिवशी शस्त्र काढून घ्यावं.

सोडून दिलं ते 'त्यात कोणाचं काय जातं' हे वाक्य. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९९९ मध्ये अशाच संशयावरून बंदूक काढून घेण्याचा कायदा केला, पण काढून घेतल्यापासून चौदा दिवसांत न्यायाधीशापुढे सुनावणी ठेवली. आपल्याकडे शस्त्र निघतं पटकन, माणसाचं ऐकून घेणं मात्र रेंगाळतं. आणि कोणाचं लवकर ऐकलं जातं, हेही आपण बघतो. २०२५ मध्ये पुण्यात पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना गृहराज्यमंत्र्यांकडच्या अपिलात मंजूर झाला म्हणून केवढा गदारोळ झाला! दादाला अपील म्हणजे काय, हे मुदत उलटल्यावर कळलं.

निवडणुकांचंही तेच. गोव्यातल्या एका परवानाधारकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं की निवडणूक आली म्हणून सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेता येणार नाहीत, प्रत्येकाचं प्रकरण वेगळं तपासा. एकेकाकडे बघा, इतकंच. माझ्या भावाकडे कोणी बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. आता वसई-विरारचे परवाने पोलीस आयुक्तालयाकडे आहेत. १ ऑक्टोबर २०२० ला आयुक्तालय झालं तेव्हापासून तक्रार घेणारं आणि परवान्याचा निर्णय करणारं खातं एकच झालं. पूर्वी निदान अहवाल एका खात्याचा आणि सही दुसऱ्याची असे. त्याने दादाचं काही भलं झालं नाही, हे खरं. तरी ते मला बरं वाटायचं.

शेवटी मी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं ठरवलं. वकिलाने विचारलं, "खोटी माहिती दिली असं लिहिणार? कलम १८२ माहीत आहे ना? सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते." मला माहीत नव्हतं. रात्रभर विचार केला. बायकोने दोनदा उठून दिवा घालवला. सकाळी जाऊन मी लिहून घेतलं की सदर अर्जातील बंदुकीचा उल्लेख गैरसमजातून झाला होता. नोटरीने शिक्का मारला. प्रत घेऊन मी दादाकडे गेलो.

त्याने चष्मा लावला आणि बोट फिरवत सावकाश वाचलं. एका शब्दावर बोट थांबलं.

"गैरसमज," तो म्हणाला. मग कागदाची घडी घालून, जमापावती ठेवलेल्या डब्यात ठेवली. "बरं. चहा घेतोस?"