उपनगर जिल्ह्याचे एक वर्ष आणि तिसरा रकाना

आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो, असे मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसांना विचारले तर पुष्कळांना चटकन सांगता येत नाही. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि चेंबूर, मानखुर्द, ट्रॉम्बे या पट्ट्यात राहणारे सगळे स्वतःला मुंबईकर म्हणवतात. पण मुलांचे दाखले काढण्याची वेळ आली आणि तहसील कचेरीची पायरी चढली की कळते, आपला जिल्हा मुंबई उपनगर. १ ऑक्टोबर १९९० रोजी तो वेगळा झाला. कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली हे त्याचे तीन तालुके आणि वांद्रे पूर्वेला जिल्हाधिकारी कार्यालय. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक भरली. एवढ्या माणसांच्या जिल्ह्यात वर्षभरात काय काय घडते, याचा हिशेब कोण ठेवतो?

आम्ही पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्याच्या खोलीत लहानसे वाचनालय चालवतो. आम्ही म्हणजे आठ-दहा जण. त्यात गिरणीतून घरी बसलेले एक काका आहेत, घरकाम करणाऱ्या दोन मावश्या आहेत, कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. २०१३ सालच्या शेवटी मुलांनी ठरवले की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी वर्तमानपत्रांची कात्रणे ठेवायची. काकांनी अट घातली, "जगाच्या बातम्या सगळेच ठेवतात. आपण आपल्याच जिल्ह्याच्या ठेवू." एक जाड वही आणली. पानावर तीन रकाने आखले. पहिला तारखेचा, दुसरा काय झाले याचा आणि तिसरा पुढे काय झाले याचा. त्या तिसऱ्या रकान्याने आम्हाला जे शिकवले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

२०१४ साल उजाडले आणि पहिल्याच पंधरवड्यात वही भरू लागली. १० जानेवारीला सहारच्या विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. काचेच्या भिंती, कलाकृतींची लांबच लांब भिंत, रंगीत छायाचित्रे. दुसऱ्या दिवशी, ११ जानेवारीला, घाटकोपर स्थानकात सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी लोकल पकडताना फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत पडली. तिचे दोन्ही हात गेले. दोन्ही कात्रणे आम्ही एकाच पानावर चिकटवली. सहार आणि घाटकोपर यांत अंतर ते किती! एका ठिकाणी जगभरच्या प्रवाशांसाठी सगळे काही गुळगुळीत, दुसऱ्या ठिकाणी रोजच्या प्रवाशाच्या पायाखाली खड्डा.

त्या पोकळीची चर्चा पुढे बरीच झाली. फलाट बसके होते. रेल्वेच्या मापाप्रमाणे ते साधारण ७६० ते ८४० मिलिमीटर उंच आणि गाडीचा तळ त्याहून बराच वर. उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि उपनगरी स्थानकांचे फलाट ९२० मिलिमीटरपर्यंत उंच करण्याचे काम लागले. त्या मुलीने कृत्रिम हातांनी जगणे सुरू केले आणि २०२० साली तिच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. तिसरा रकाना भरला. पण मावशींनी एक प्रश्न विचारला, "फलाट बसके आहेत हे आधी कुणालाच दिसत नव्हते काय?" दिसत होते. आम्ही सगळेच वर्षानुवर्षे लेकरांचा हात धरून त्या पोकळीवरून उडी मारत होतो. मुंबईच्या लोकल रेल्वेमार्गांवर त्या काळी वर्षाला तीन हजारांहून अधिक माणसे मरत होती. रोजचे मरण अंगवळणी पडले की त्याची बातमी छोटी होत जाते.

त्याच जानेवारीतले दुसरे पान आजही उघडवत नाही. ५ जानेवारीच्या पहाटे आंध्रातून आलेली तेवीस वर्षांची एक संगणक अभियंता कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली आणि नाहीशी झाली. तिच्या घरच्यांची तक्रार एका राज्यातल्या पोलिसांकडून दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांकडे जाण्यात दिवस गेले. अकरा दिवसांनी कांजूरमार्गजवळ, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या झुडपांत तिचा मृतदेह सापडला. आमच्या वाचनालयातल्या मुली त्याच टर्मिनसवरून गावी जातात-येतात. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत एक रीत पडली. पहाटेच्या गाडीने कुणाचीही लेक येणार असली की दोघे जण फलाटावर घ्यायला जातात. सांगावे लागत नाही.

या पानावरचा तिसरा रकाना आम्ही किती वेळा लिहिला! मार्च २०१४ मध्ये एकाला अटक झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. काकांनी त्याखाली लाल रेघ ओढली. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरावे अपुरे ठरवून त्याची निर्दोष मुक्तता केली. त्या दिवशी वाचनालयात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "मग त्या मुलीला मारले कोणी?" कायद्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी म्हणाली, "पुरावा नसताना एखाद्याला फासावर चढवले असते, तर तो दुसरा अन्याय झाला असता." दोघांचेही खरे होते. एका घराला न्याय मिळाला नाही आणि एका माणसाची दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली. तपास कच्चा राहिला की दोन्हीकडची माणसे मरतात, हे आम्ही त्या पानावरून शिकलो. लाल रेघेखाली आम्ही पुन्हा कोरी जागा आखली आहे.

हद्दीच्या प्रश्नाबद्दल मात्र एक गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून आयाबहिणींनी परत फिरू नये.

दुःखाच्याच नोंदी ठेवल्या असे वाचकांनी समजू नये. १ फेब्रुवारीला चेंबूर ते वडाळा मोनोरेलचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून ती लोकांसाठी सुरू झाली. लहान मुले खिडकीला नाक लावून बसली. ८ जूनला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४० किलोमीटर, १२ स्थानके, पहिली गाडी चालवणारी एक तरुण महिला. पहिला महिनाभर तिकीट १० रुपये होते. पुढे दर किती असावा यावरून शासन आणि कंपनी यांचा न्यायालयात वाद झाला. काका म्हणाले, "उद्घाटनाच्या बातम्या कशाला चिकटवता? त्या पुढाऱ्यांच्या असतात." त्यावर साकीनाक्याला कामाला जाणाऱ्या मावशी चिडल्या. "घाटकोपरहून अंधेरीला बसने तास-सव्वा तास जायचा. आता एकवीस मिनिटांत पोरी पोचतात. माझी सून दिवेलागणीला घरी असते. ही बातमी माझी आहे, पुढाऱ्यांची कशी?" काका गप्प बसले आणि त्यांनीच ते कात्रण चिकटवले.

पण मोनोरेलच्या तिसऱ्या रकान्यात पुढे लिहावे लागले की १९ ऑगस्ट २०२५ रोजी भर पावसात ती अधांतरी बंद पडली, पाचशेहून अधिक प्रवाशांना शिड्या लावून उतरवावे लागले आणि २० सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्ती-सुधारणेसाठी तिची सेवा थांबवण्यात आली. फीत कापली म्हणजे काम संपले, असे होत नाही. देखभाल हा उद्घाटनानंतरचा रोजचा भाग आहे आणि त्याचे छायाचित्र कुणी छापत नाही.

१८ एप्रिलची नोंद आम्हाला सगळ्यांत जवळची वाटते. त्या दिवशी सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता वाहतुकीस खुला झाला. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता होती, त्यामुळे मंडप नाही, हारतुरे नाहीत. सुमारे साडेसहा किलोमीटरच्या या रस्त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. वाटेत आलेली हजारो घरे आणि दुकाने हलवली गेली. पुष्कळांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये आणि वाशीनाक्याच्या इमारतींत पाठवले गेले. कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४ साली थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे लेखी तक्रार नेली. या प्रकल्पाला त्या बँकेचे कर्ज होते. मार्च २००६ मध्ये बँकेने कर्जाचे हप्ते काही काळ थांबवले आणि पुनर्वसनाच्या व्यवस्थेत सुधारणा कराव्या लागल्या. कुर्ल्याच्या बाजारातल्या माणसांनी कागद, तारखा आणि सह्या यांच्या जोरावर एवढ्या मोठ्या बँकेला जाब विचारला! आज त्या दुमजली पुलावरून रिक्षा आणि गाड्या धावतात. पुलाखाली ज्यांची दुकाने होती त्यांची नावे पुलावर नाहीत. आमच्या वहीत निदान त्यांच्या तक्रारीची तारीख आहे.

१८ जुलैला अंधेरी पश्चिमेच्या एका बहुमजली काचेच्या इमारतीला आग लागली. आग विझवायला गेलेले जवान वर अडकले आणि त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. अग्निशमन दलाचे जवान नितीन इवलेकर यांना मात्र प्राण गमवावे लागले. लोकांचे जीव वाचवायला गेलेल्या माणसाचे नाव आम्ही वहीत ठळक लिहिले. मग मुलांनी आपल्याच इमारतीतली नळीची पेटी पाहिली. पेटीला कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे ते ठाऊक नव्हते. महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे. ज्या इमारतींत अशी यंत्रणा बसवलेली आहे तिथे ती चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. महिलांनी सोसायटीच्या सभेत हा प्रश्न लावून धरला. दोन सभा वाया गेल्या, तिसऱ्या सभेत कुलूप निघाले. या पानावरचा तिसरा रकाना आम्ही स्वतः भरला, याचे समाधान मोठे आहे.

वर्ष संपले तेव्हा वही भरली होती, पण तिसरा रकाना निम्म्याहून अधिक कोरा होता. तो भरण्यासाठी मुलांनी माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहायला घेतले. २००५ च्या या कायद्याने १० रुपयांच्या शुल्कात ३० दिवसांत उत्तर मागता येते. काही उत्तरे आली, काही टाळाटाळीची आली. टाळाटाळीचीही आम्ही चिकटवून ठेवली. कारण विसरणे हीच बेफिकीर कारभाराची सोय असते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा आम्ही जुन्या वहीशेजारी नवी वही आखली. तिच्यातही रकाने तीनच आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत एक वही घाला. मोठे काही लागत नाही. फूटपट्टी, डिंक आणि आठवड्यातून एक तास. त्यात नवी शाळा, नवा पूल, पाण्याची नवी लाइन लिहा. उघडे गटार, बंद दिवा, अपघात आणि गुन्हाही लिहा. चांगल्या गोष्टीचे श्रेय द्यायला कचरू नका आणि वाईट गोष्टीची तारीख पुसू देऊ नका. लिहिणाऱ्यांत मुलींना पुढे बसवा, कारण रात्रीचा रस्ता कुठे अंधारा आहे हे त्यांना आधी कळते. आणि सहा महिन्यांनी सगळ्यांना बोलावून एकच प्रश्न मोठ्याने वाचा : पुढे काय झाले?