छत्तीस-ब

सातबाऱ्यासारखा कोरडा दिसणारा कागद. वर क्रमांक, खाली रोमन आकडे घातलेले आठ रकाने. शस्त्रं कोण घेतंय, अंदाजे किंमत किती, माल कोणता आणि किती नग, सैन्याचं कोणतं खातं व्यवहार बघणार, त्या देशाचे आधीचे संबंधित व्यवहार कोणते, दलाली कुणाला द्यायची आहे का, तंत्रज्ञान किती नाजूक, आणि सर्वांत शेवटी, हा अहवाल अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पोचल्याची तारीख. शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याच्या कलम ३६, पोटकलम ब मधून तो आला. वॉशिंग्टनमध्ये या कामात असलेली माणसं त्याला नुसतं ‘थर्टी-सिक्स बी’ म्हणतात.

परदेशी सरकारला मोठी शस्त्रं विकायची तर विक्रीचा प्रस्ताव देण्याआधी छत्तीस-बला कॅपिटलच्या, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीच्या, पायऱ्या चढाव्या लागतात. प्रमुख युद्धसामग्री १ कोटी ४० लाख डॉलरची झाली किंवा एकूण सौदा ५ कोटींवर गेला, की त्याला पाठवावंच लागतं. नाटोतले देश आणि इस्रायल, जपान अशा जवळच्या मित्रांसाठी या मर्यादा वरच्या आहेत. तो पोचला की दिवस मोजायला लागायचं. इतरांसाठी ३०, मित्रांसाठी १५. तेवढ्यात लोकप्रतिनिधींनी हरकत घेऊन ती मंजूर करून घेतली नाही, तर सौदा पुढे सरकतो.

नग मोजण्यात तो चोख आहे. १ फेब्रुवारी २०२४ ला भारताच्या एमक्यू-९बी ड्रोनचा कागद काँग्रेसमध्ये गेला. ३१ विमानं, १७० हेलफायर क्षेपणास्त्रं, ३१० लहान व्यासाचे लेझर बॉम्ब, एकूण अंदाज ३९९ कोटी डॉलर. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी हा नगवार हिशेब छापला तो या कागदावरूनच. परक्या देशाच्या संसदेला दिलेल्या माहितीतून आपल्या सैन्याच्या भात्यात काय येणार हे आपल्याला कळावं, हे मला लागलं. तरी कळलं याचा आनंद त्याहून मोठा होता.

त्याचा आवाज मात्र कधी चढत नाही. दोन वाक्यं त्याला तोंडपाठ आहेत: या विक्रीने प्रदेशातला लष्करी समतोल मुळातून बदलणार नाही, आणि अमेरिकेच्या स्वतःच्या युद्धसज्जतेवर विपरीत परिणाम होणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिस्तानच्या एफ-१६ विमानांच्या देखभालीचा ४५ कोटी डॉलरचा प्रस्ताव गेला, तेव्हाही समतोल बदलणार नव्हता. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्याच महिन्यात अमेरिकेत जाऊन या सौद्यावर जाहीर नाराजी सांगितली. दीड वर्षाने भारताला ड्रोन द्यायचे ठरले, तेव्हाही वाक्य तेच. प्रत्येक कागदावर एकच वाक्य येत असेल तर वाचणाऱ्या खासदाराला त्यातून काहीच मिळत नाही. या कागदाचा सर्वांत दुबळा अवयव कोणता म्हणाल, तर हे वाक्य.

त्याचा जन्म संतापातून झाला. १९७२ च्या मे महिन्यात अध्यक्ष निक्सन तेहरानला गेले आणि अण्वस्त्रं सोडून हवं ते घ्या, अशी मोकळीक इराणच्या शहाला देऊन आले. पुढच्या दोन वर्षांत शस्त्रविक्री भसाभस वाढली, आणि कायदे करणारे सिनेटर मोठमोठे सौदे वर्तमानपत्रात वाचू लागले. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन आणि न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जोनाथन बिंगहॅम यांनी १९७४ मध्ये दुरुस्ती आणली: अडीच कोटी डॉलरवरचा सौदा आधी आम्हाला कळवा, २० दिवस द्या, दोन्ही सभागृहांनी नको म्हटलं तर थांबा. १९७६ च्या कायद्याने याच तरतुदीला आजचं रूप दिलं.

तरुणपणी त्याच्या शब्दाला वजन होतं. १९७५ मध्ये जॉर्डनला हॉक विमानवेधी क्षेपणास्त्रं द्यायची ठरली. काँग्रेसमध्ये इतका विरोध झाला की अध्यक्ष फोर्ड यांना कागद मागे घ्यावा लागला. शेवटी ही क्षेपणास्त्रं एका जागी पक्की रोवलेली असतील, हलवता येणार नाहीत, असा शब्द दिल्यावर सौदा झाला. एका टिपणाने शस्त्राचे पाय बांधले! १९८१ मध्ये सौदी अरेबियाला द्यायच्या अवाक्स टेहळणी विमानांवर प्रतिनिधिगृहाने नकार दिला, आणि सिनेटमध्ये अध्यक्ष रेगन यांचा सौदा ५२ विरुद्ध ४८ मतांनी जेमतेम वाचला.

मग त्याची ताकद गेली, आणि तीही एका भलत्याच खटल्यात. केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या चढ्ढा नावाच्या विद्यार्थ्याला देशाबाहेर घालवायचं की नाही, असा तो वाद. १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अध्यक्षांपुढे न ठेवता केवळ सभागृहाच्या ठरावाने सरकारचा निर्णय रद्द करता येत नाही. शस्त्रविक्रीवरचा नकारही त्यातच कोसळला. आता विक्री अडवायची तर ठरावावर अध्यक्षांचीच सही लागते, म्हणजे विकणाऱ्याचीच. त्यांनी नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. १९८६ मध्ये सौदी क्षेपणास्त्रांच्या वेळी एक मत कमी पडलं. या मार्गाने आजवर एकही विक्री थांबलेली नाही.

उरली आहे ती पडद्यामागची ताकद. कागद रीतसर निघण्याआधी त्याचा मसुदा दोन्ही सभागृहांच्या परराष्ट्र समित्यांचे अध्यक्ष आणि विरोधी बाजूचे ज्येष्ठ सदस्य, अशा चौघांकडे जातो. त्यातल्या कुणीही ‘होल्ड’ म्हटलं की काम अडतं. भारताच्या ड्रोनचा कागद सिनेटर बेन कार्डिन यांनी असाच रोखला होता. अमेरिकेच्या भूमीवर एका शीख कार्यकर्त्याच्या हत्येचा कट रचल्याचा आरोप झाला होता, त्याच्या चौकशीची हमी मिळाल्यावरच त्यांनी तो सोडला. पण हा होल्ड रिवाज आहे, कायदा नाही, आणि रिवाज बाजूला ठेवणारं सरकार आलं की कागद पोरका होतो.

९ ऑगस्ट २०१८ ला येमेनमधल्या दह्यानच्या बाजारात सौदी आघाडीच्या विमानाने सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांची बस उडवली. ४० मुलं गेली. तो अमेरिकी बनावटीचा ५०० पौंडी बॉम्ब होता, हे शस्त्रतज्ज्ञांनी तुकड्यांवरून ओळखलं. त्या वेळी सिनेटर मेनेंडेझ यांनी सौदी अरेबिया आणि अमिरातीच्या अचूक माऱ्याच्या बॉम्बचा नवा सौदा रोखून धरलेला होता. मे २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने ‘आणीबाणी’ जाहीर करून एकदम २२ सौदे, ८१० कोटी डॉलरचे, मुदतीची वाट न बघता पुढे रेटले. काँग्रेसने नकाराचे ठराव केले, अध्यक्षांनी ते फेटाळले. डिसेंबर २०२३ मध्ये बायडन सरकारने इस्रायलला रणगाड्याचे जवळजवळ १४ हजार तोफगोळे देताना हीच वाट धरली. पक्ष बदलला तरी वाट तीच, हे मला फार अस्वस्थ करतं.

दुसरी पळवाट मर्यादेखालची. परराष्ट्र खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की २०१७ पासून सौदी अरेबिया आणि अमिरातीला मर्यादेखालचे ४,२२१ व्यवहार झाले, एकूण अंदाजे १,१२० कोटी डॉलरचे. त्यातल्या एकासाठीही छत्तीस-बला पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला तो या मर्यादा आणखी वर नेण्याच्या दिशेने.

एवढं असूनही मी त्याच्या बाजूचा आहे. कारण आपल्याकडे तोही नाही. पुण्यात पाषाणच्या संशोधन संस्थेत घडलेली पिनाक अग्निबाण प्रणाली आर्मेनियाला गेली. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर पोचली. पण विक्रीआधी संसदेला कळवण्याचं बंधन आपल्या कायद्यात नाही. खासदाराने प्रश्न विचारला तर एकूण आकडा मिळतो. कोणत्या देशाला काय आणि किती, याला अनेकदा गोपनीयतेचं कारण दिलं जातं. पिनाक कुणावर चालणार याची चिंता पाषाणच्या शेजारी राहणाऱ्या माणसालाही असू शकते, आणि ती मांडायला त्याच्या खासदाराच्या हातात काहीतरी हवं. दिल्लीत असा कागद यावा, आठ रकान्यांसह. शिवाय नववा रकाना असावा: याच देशाला आधी विकलेली शस्त्रं कुठे, कुणावर वापरली गेली. आणीबाणी जाहीर केली तरी हा नववा रकाना भरल्याशिवाय माल बंदरातून हलू नये.