दारावरचा पहारेकरी

माणसाने घराला दार केले ते दोन कामांसाठी: चोराने बाहेर राहावे आणि पाहुण्याने आत यावे. यांपैकी पहिल्याच कामाचा ध्यास घेतलेल्या दाराला भिंत म्हणतात!

आम्हां चाकणकरांना पहाऱ्याचे महत्त्व कुणी शिकवायला नको. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने इथला संग्रामदुर्ग शाएस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. पण वेढा नसेल त्या दिवशी किल्ल्यातही भाजीपाला दारातूनच येणार ना?

आज वेढा पडतो तो संकेतस्थळांवरच्या अर्जांना. खोटी नावे आणि फसव्या जाहिराती यंत्रे तिथे भराभर कोंबतात. त्यांना अडविण्यासाठी अमेरिकेतल्या लुई व्हॉन आन, मॅन्युएल ब्लम प्रभृतींनी ‘कॅप्चा’ नावाची परीक्षा मांडली. वेडीवाकडी अक्षरे माणूस वाचील, यंत्राला ती वाचता यायची नाहीत, असा हिशेब. पुढे यंत्रे अक्षरे वाचू लागली, चित्रेही ओळखू लागली. परीक्षा मात्र माणसाच्याच मानगुटीवर राहिली.

परवा आमच्या शेजारचे काका डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ मागत होते. मोतीबिंदू पिकलेला. अर्ज म्हणाला, “अग्निशमनाचे नळ असलेले चौकोन निवडा.”

“अरे, असला नळ चाकणात कुठं पाहिलायस तू?” काकांनी विचारले.

तीनदा चुकले, आणि लिहिलेले नावगावही पुसले गेले. “आता मी माणूस आहे याला कुणाचा दाखला आणू?” ते म्हणाले. डोळे दाखवायला जाण्यासाठी आधी डोळे चांगले हवेत, असा तो न्याय! शेवटी मी फोन करून वेळ घेतली.

खरे म्हणजे सोपे उपाय आहेत. अर्जात एक रकाना नजरेआड ठेवावा. माणसाला तो दिसत नाही. यंत्र तोही भरते आणि सापडते. अंधांना अर्ज वाचून दाखविणाऱ्या साधनाला मात्र तो वगळायची सूचना हवी. दोन सेकंदांत लांबलचक अर्ज भरणाराही माणूस नव्हेच. एवढ्यावर संशय उरेल त्यालाच प्रश्न विचारावा, आणि तोही ऐकून सोडवता येईल असा.

यातूनही काही लबाड निसटतील. त्यांचे खोटे अर्ज निवडून टाकण्यात कारकुनाची दहा मिनिटे जातील. ती मोजता तरी येतात. दारावरून निमूटपणे परत गेलेल्या भल्या माणसाची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही.