सांगितल्याने वाढणारी विद्या

आमच्या हातखंब्याला जांभ्या दगडाच्या गडग्यांना तोटा नाही, आणि त्यांच्या फटींतून राहणाऱ्या तांबड्या विंचवांनाही नाही. कोणाला नांगी लागली की पूर्वी विंचू उतरवणाऱ्याला बोलावणे जाई. त्याची एक अट असे : मंत्र कोणाला सांगायचा नाही, सांगितला की त्याचा गुण जातो! लहानपणी आम्हांला हे अगदी पटत असे.

आता वाटते, खऱ्या विद्येची गोष्ट नेमकी उलट आहे. हातखंब्यावरून मुंबईकडे निघालेल्या महामार्गावरच महाड लागते. त्या भागात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून टिपणे करीत. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि मग फुप्फुसांत साचणारे पाणी! विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भार येतो. तेव्हा रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध इथे उपयोगी पडेल, हे त्यांनी ताडले. लक्षणांवरचा लेख 1982 साली आणि प्राझोसिनवरचा 1986 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

“डॉक्टराने रोगी तपासावेत, लेख कशाला लिहावेत?” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली आहेत आणि बढतीसाठी लेख मोजले जातात, हेही खरे. पण चांगल्या नियतकालिकाचा संपादक तुमचा लेख त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांकडे धाडतो. ते भीडभाड न ठेवता विचारतात : रोगी किती? तुलना कशाशी केली? गुण औषधाचाच कशावरून? अनेक लेख तिथूनच परत येतात. मांत्रिकाला हे प्रश्न कोणी कधी विचारले नाहीत.

बावस्करांनी स्वतःच्या उपायालाही हीच कसोटी लावली. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी 70 रोग्यांचा हिशेब मांडला. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 जणांची लक्षणे दहा तासांत ओसरली. नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8 जणांची. आपल्याच औषधाला जोड हवी, हे छापून सांगायला मोठे मन लागते. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की त्यांची विद्या आता त्यांच्या एकट्याची उरलेली नाही.

वाचकहो, तुमच्या घरातली लेक किंवा लेक डॉक्टर होऊन खेड्यात निघाला, तर स्टेथॉस्कोपबरोबर एक कोरी वहीही त्यांच्या पिशवीत घाला.