पेरूची वही

आम्ही पेरूला जाणार ही वार्ता दुसरबिडात पसरली, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या गंभीरपणे विचारले, "बाग विकत घेता की काय?" आमच्या भागात त्या फळाला जांब म्हणणारी माणसे अद्याप आहेत, परंतु पाठ्यपुस्तकांनी मुलांच्या तोंडी पेरू बसवला, तेव्हा दोष त्यांचा नव्हे. फळाचा आणि देशाचा संबंध नावापुरताच आहे, असे आम्ही त्यांना समजावले. मात्र बटाटा आणि भुईमूग या दोहोंचे माहेर त्याच खंडात आहे, हेही सांगितले. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "म्हणजे आपल्या एकादशीचा फराळ तिकडूनच आला म्हणा!"

जाण्याचा ध्यास मूळचा आमचा नव्हे. तो आमच्या सौभाग्यवतींचा. गावात सर्वजण त्यांना बाई म्हणतात आणि घरात आम्हीही तेच नाव पत्करले आहे. एकतीस वर्षे त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर अँडीज पर्वताची रांग काढावी, तीत खडूने एक फुली करावी आणि म्हणावे, "हे माचू पिच्चू. इथे मी एकदा जाणार आहे." त्या वेळच्या मुलांची मुले पुढे त्याच बाकांवर येऊन बसली, फुली होती तेथेच राहिली. गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. हाती आलेल्या रकमेतला एक भाग त्यांनी आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, एवढ्यात बसवा."

बसवणे हा तर आमचा धर्मच. सारी हयात आम्ही एका पतपेढीत जमाखर्च लिहिला. शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर 'श्री' घातले आणि कामास लागलो.

पडके वाडेच पाहायचे तर सिंदखेडराजा काय वाईट, असे आम्हांस निदान दहा जणांनी तरी विचारले असेल. प्रश्न रास्त आहे. लखुजी जाधवांचा वाडा आमच्या तालुक्याच्याच गावी. 12 जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवाला आम्ही तेथे कैक वेळा गेलो आहो. पण त्या वाड्याचे आम्ही वारस आहो. तेथे आम्ही पाहावयास जात नाही, नमस्कारास जातो. माचू पिच्चू आमचे कोणीच नव्हे. पंधराव्या शतकाच्या मध्यास इंका राजा पाचाकुती याने डोंगराच्या खांद्यावर ते उभारविले, शंभरएक वर्षांत ते ओस पडले. 1911 साली हायरम बिंगहॅम हा अमेरिकन अध्यापक तेथे पोचला व जगाला त्याची कीर्ती कळली. आसपासच्या शेतकऱ्यांना ते ठाऊक होतेच. लोखंडाचे हत्यार नाही, गाडीचे चाक नाही, उत्तम भिंतींच्या सांध्यांत चुना नाही, आणि भूकंपाच्या मुलखात त्या भिंती उभ्या आहेत. परक्याचे कर्तृत्व निर्हेतुकपणे पाहावयास मिळणे ही चैन आहे खरी. पण एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर एक चैन माणसाने करावी, असे आमचे मत आहे.

आता वहीकडे वळतो. समृद्धी महामार्ग आमच्या गावाजवळून जात असला तरी मोटार भाड्याने करणे आम्हांस मान्य नव्हते. एसटीने जालना, तेथून आगगाडीने मुंबई. मुंबईहून पेरूस सरळ विमान नाही, वाटेत उतरून दुसरे धरावे लागते. निम्म्याहून अधिक रक्कम त्या एका ओळीने गिळली. ऋतूचा हिशेब उलटा: आमच्याकडे जून-जुलैत पाऊस, तर तिकडे तेव्हाच कोरडे आकाश आणि जगभरची गर्दी; जानेवारी-फेब्रुवारीत धो धो पाऊस. म्हणून दोहोंच्या मधला एप्रिल निवडला. दिवसाला किती माणसे आत सोडावयाची याला तेथे मर्यादा आहे, वेळ व वाट ठरवून चिठ्ठी आगाऊ घ्यावी लागते, तीही नोंदविली.

राहिला शेवटचा टप्पा, आणि तेथेच आमची काटकसर फुलाला आली. कुस्को शहरापासून त्या अवशेषांच्या पायथ्याला मोटाररस्ता नाही. लोक ओयांतायतांबोहून आगगाडीने जातात, आणि त्या गाडीचे भाडे पाहून आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पण काटकसरी प्रवाशांची एक दुसरी वाट आहे: लहान मोटारीने सहा-सात तास वळसा घालून एका जलविद्युत केंद्रापाशी उतरावे आणि रुळांच्या कडेने सुमारे दहा किलोमीटर सपाटीवरून चालत जावे. आम्ही ती वाट लिहिली, वाचलेली रक्कम तांबड्या शाईने अधोरेखित केली आणि वही मोठ्या अभिमानाने बाईंपुढे ठेवली.

बाईंनी रकमेकडे पाहिलेच नाही. नकाशा उघडला, त्या वाटेवरून बोट फिरवले आणि एका ठिकाणी थांबून विचारले, "हे आब्रा मालागा काय आहे, पाहिलेत?"

आम्ही तो मोटारीचा एखादा थांबा समजलो होतो. ती खिंड होती, 4300 मीटरांवर. आपले कळसूबाई 1646 मीटर. आणि बाईंना दमा आहे.

"तुमच्या वहीत पैशांचा उतार आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, "डोंगराचा चढ नाही." त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बरे वाटले असते. ज्या आजाराची औषधे दरमहा आम्हीच आणतो, तो आमच्या हिशेबात कोठेच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी जालन्यास डॉक्टरांकडे गेलो. जाऊच नका असे ते म्हणाले नाहीत. मात्र कुस्को 3400 मीटरांवर आहे, तेथे पहिली रात्र काढू नका, उतरताच खालच्या खोऱ्यात जा, असे बजावले. ओयांतायतांबो 2800 मीटरांवर, माचू पिच्चू तर 2430. म्हणजे ज्या गाडीस आम्ही उधळपट्टी म्हणत होतो, ती नदीच्या काठाने बाईंना खालीखालीच नेणार होती. परतताना एसटीत आम्ही दोघे फारसे बोललो नाही.

रात्री वही पुन्हा मांडली. लिमा शहर पाहणे खोडले. टिटिकाका सरोवर खोडले. त्यावर बाईंनी किंचित सुस्कारा टाकला, कारण तेही त्या फळ्यावर काढीत. स्वयंपाकघराची फरशी आणखी दोन वर्षे आहे तशीच राहील असे ठरले. तेव्हा कोठे गाडीचे भाडे बसले. बाईंनी पट्टी घेऊन प्रत्येक पानावर रुपयांच्या शेजारी आणखी एक रकाना आखला व वर लिहिले, 'मीटर'.

सध्या आम्ही रोज पहाटे राहेरीच्या बाजूला खडकपूर्णेच्या पुलाकडे फिरावयास जातो. चालण्याची वेळही वहीत लिहितो. आजच्या फेरीत बाई दोनदा थांबल्या; आम्ही तीनदा.